बसऱ्याचं पान

शनिवार

पितृपक्षात कुणी फिरायला निघत नाही. स्वारगेटला एसटीत बसलो तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी विचारलंच, "कासला का? फुलं बघायला?" म्हटलं, नाही, म्हाळाला. मग ते खंबाटकीचा घाट येईपर्यंत काही बोलले नाहीत.

गोष्ट अशी, की आमच्या घरात दरवर्षी घातचतुर्दशीला एक पान जास्तीचं वाढलं जातं. भाद्रपद वद्य चतुर्दशी, सर्वपित्रीच्या आदला दिवस. शस्त्रानं मेलेल्यांचं श्राद्ध त्या तिथीला करायचं अशी रीत आहे. पणजोबांचा धाकटा भाऊ पहिल्या महायुद्धात गेला, पलटणीत होता, विशीच्या आतबाहेरचा. कुठल्या दिवशी गेला ते घरात कुणाला कळलं नाही, म्हणून ही तिथी. त्या पानाला घरात सगळे 'बसऱ्याचं पान' म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, बसरा हा एखादा पदार्थ असणार.

आत्ती आता ब्याऐंशीची आहे. दरवर्षी फोन करते, "औंदा तरी ये." २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस एकदाचे चार दिवस काढले.

साताऱ्यात उतरलो ते तीन वाजता. पोवई नाक्याजवळ खोली घेतली, तिला खिडकी होती पण ती दुसऱ्या खिडकीत उघडायची. पुढं म्युझियमपाशी ही गर्दी! लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलैपासून इथं मांडली होती, ठरावीक मुदतीसाठी, परत देण्याच्या बोलीवर. शाळेची पोरं रांगेत ढकलाढकली करत होती, मास्तर ओरडत होते. मीही रांग लावून पाहून आलो. काचेपुढं उभं राहायला मिळतं ते क्षणभर, मागून लगेच "चला, चला" सुरू. बाहेर आल्यावर मनात आलं, लंडनहून आलेली एक वस्तू आमच्याही घरात आहे. शंभर वर्षांपासून. ती परत मागायला कुणी येणार नाही.

संध्याकाळी राजवाड्यावर भेळ खाल्ली. कंदी पेढे घेतले आणि मग आठवलं की म्हाळाच्या घरी पेढे कसे न्यायचे. तरी घेतलेच.

रविवार

आज अपशिंगे. गावाच्या नावापुढं 'मिलिटरी' हा शब्द कंसात नुसता शोभेला नाही, सरकारी कागदातही तो आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण मेले. इंग्रज सरकारनं त्यांची आठवण म्हणून गावात दगडी स्तंभ उभारला. घरटी एक माणूस सैन्यात ही इथली चाल तेव्हापासूनची, किंबहुना त्याच्याही आधीची.

सातच्या एसटीनं निघालो. गावाच्या अलीकडंच रस्त्यावर आठदहा पोरं धावताना दिसली. पायात काहींच्या बूट, काही अनवाणी. एक जण सायकलवरून मोबाइलमध्ये वेळ लावून मागं. सोळाशे मीटर. भरतीचं धावणं तेवढंच असतं. मग बीमवर पुलअप्स, मग नऊ फुटी खड्डा. चहाच्या टपरीवर त्यातला एक भेटला, अजून धापा टाकत होता. विचारलं, "अग्निवीर का?" म्हणाला, "दुसरं हाय काय आता? चार वर्षं. शंभरात पंचवीस ठेवत्यात, बाकीचं घरी." थोडं थांबून म्हणाला, "पण वर्दी तर मिळंल." टपरीवाल्यानं त्याच्याकडं न बघताच दोन बिस्किटं पुढं केली, आणि पोरानं पैसे दिले नाहीत. रोजचाच व्यवहार दिसला.

स्तंभापाशी जरा वेळ उभा राहिलो. माझं इथं कुणी नाही, आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. तरी आलो ते एवढ्यासाठी, की आमच्या माणसाच्या नावचा दगड कुठंच नाही. भारतातून १३ लाखांच्या आसपास माणसं त्या युद्धात होती आणि सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. त्यातले कुणी फ्रान्समध्ये पडले, कुणी पूर्व आफ्रिकेत, कुणी गॅलिपोलीत; आपल्याकडच्या मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथं बसऱ्याला एक मोठं स्मारक आहे, त्यावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद. पण ही नोंद सारखी नाही. गोऱ्या शिपायाचं नाव दगडावर कोरलंय. हिंदी अंमलदारांचीही नावं आहेत. साध्या हिंदी शिपायाचं मात्र पलटणीच्या नावाखाली 'आणि इतर इतके' एवढ्यावर भागवलं. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते अख्खं स्मारक गोदीतून उचलून ३२ किलोमीटर लांब वाळवंटात नेऊन मांडलं, तेव्हा हे आकडेही तिकडं गेले. युद्धातल्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थच्या आयोगानं २०२१ मध्ये चौकशी करून हा दुजाभाव कबूल केला, माफीही मागितली.

आमच्याकडं माफीचं पत्र आलेलं नाही. येईल कुणाच्या नावावर? पत्ता बदललाय.

परतीची एसटी चुकली. दूधवाल्याच्या टेम्पोत किटल्यांना धरून महामार्गापर्यंत आलो. दुपारी झोप. संध्याकाळी पाऊस.

सोमवार

साताऱ्याहून कोरेगावला जाताना माहुलीचा पूल लागतो. खाली कृष्णा आणि वेण्णेचा संगम, पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं, घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडालेल्या. पलीकडं जरंडेश्वराचा डोंगर ढगात अर्धा. मग दोन्ही अंगांना आलं, सोयाबीन आणि घेवडा. घेवड्याची काढणी चालली होती. या घेवड्याचं पुढं काम आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

गावाचं नाव लिहीत नाही, त्याचंही लिहीत नाही. आत्तीनं बजावलंय, "नाव छापू नगंस. घरातलं हाय ते घरात ऱ्हाऊ दे."

आत्ती सोप्यात बसून डाळ निवडत होती. मला बघून उठली नाही, गुडघे उठू देत नाहीत. "आलास? बरं झालं. हातपाय धू." हातपाय धुऊन पाणी प्यायला तांब्या उचलला, आणि त्यावरचं झाकण हातात आलं. तीच ती ताटली.

काशाची गोल ताटली. पट्टी लावून पाहिली, बारा सेंटीमीटर. उपडी ठेवली तर कुठल्याही तांब्यावर बसते, इतकी बेतशीर. एका बाजूनं सपाट, काळपट. दुसऱ्या बाजूला शिरस्त्राण घातलेली उभी बाई, ती ब्रिटानिया. हातात पानांचा मुकुट, पुढं सिंह. बाईच्या दोन्ही अंगांना दोन मासे आहेत, डॉल्फिन, इंग्रजांच्या दर्यावरच्या सत्तेची खूण. तळाशी आणखी एक छोटा सिंह गरुडाला फाडतोय, तो गरुड म्हणजे जर्मनी. कडेनं इंग्रजी अक्षरं: ही डाइड फॉर फ्रीडम अँड ऑनर. आणि चौकटीत त्याचं नाव. नुसतं नाव. हुद्दा नाही, पलटण नाही, नंबर नाही. सगळे मेलेले सारखे म्हणून मुद्दाम तसं केलं होतं. साम्राज्यात अशा तेरा लाखांवर ताटल्या ओतल्या, मेलेल्याच्या घरी टपालानं पाठवल्या. बसऱ्याच्या दगडावर ज्याला जागा दिली नाही त्याचं पूर्ण नाव इथं मात्र उठावात आहे, शिपाई असो की जनरल, एकाच मापाचं. नावावरची अक्षरं घासून गुळगुळीत झालीत. बोट फिरवलं तर लागतात.

बेचाळीसच्या चळवळीत आजोबांनी घरात दंडक घातला की बाईचं तोंड खाली करायचं. सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं त्या दिवसांत इंग्रजांचा सिंह तांब्यावर मिरवणं बरं दिसत नव्हतं. स्वातंत्र्य मिळालं, आजोबा गेले, ताटली अजून पालथीच असते.

"ही आली तवा धाकट्या आजीच्या बांगड्या फोडल्या," आत्ती म्हणाली.

हे मला ठाऊक नव्हतं. धाकटी आजी म्हणजे त्याची बायको. आत्तीनं तिला चांगली पंचवीस वर्षं पाहिली. लग्न झालं तेव्हा ती आठनऊची असेल. तो पलटणीबरोबर बोटीत बसला तेव्हा ती बाराची, अजून माहेर-सासर चाललेलं. मग लढाई. पैसे यायचे, एकदोन वेळा दुसऱ्या कुणी लिहिलेलं कार्ड आलं. मग काहीच नाही. लढाई संपली, गावचे दोघे परत आले, हा आला नाही. मेला असंही कुणी छातीठोक सांगेना. ती कुंकू लावत राहिली. सासू म्हणायची, येईल. वेशीतून कुणी पोस्टमन दिसला की दोघी उंबऱ्याशी. आणि एक दिवस जाड पुठ्ठ्याच्या पाकिटातून ही ताटली आली. बरोबर राजाच्या सहीचा छापील कागद होता, तो कुळकर्ण्यानं वाचून दाखवला.

"तिनं कधी हात लावला नाही हिला. मरंपातुर तिच्या तांब्यावर वाटी असायची."

सासू जात्यावर म्हणायची ती ओवी आत्तीला अर्धीच आठवत होती. मग डाळ बाजूला सारून, डोळे मिटून, दुसरी ओळ काढली:

बसऱ्याच्या वाटेवर खजुराची झाडं दाट
माझ्या गं बाळाची किती मी पाहू वाट

खजुराचं झाड त्या बाईनं जन्मात पाहिलं नसणार. परत आलेल्या दोघांपैकी कुणी सांगितलं असेल.

मी विचारलं, तो कसा होता? मेला कसा हे आजवर सगळ्यांनी सांगितलं, कुणाला नीट माहीत नसतानाही. जगला कसा ते सांग.

आत्तीनं सांगितलेलं सगळं धाकट्या आजीचं. चेहरा तिला आठवत नव्हता. घुंगट असायचा, आणि नवऱ्याकडं वर मान करून बघायची पद्धत नव्हती. पण तो पाण्याला भ्यायचा हे पक्कं. वासना नदीला गुडघाभर पाणी असलं तरी बैलाचं शेपूट धरून उतरायचा, आणि त्यावरून भावकी त्याला हसायची. तो मुंबईहून बोटीत कसा बसला असेल? रजेवर यायचा तेव्हा तोंडानं बिगूल वाजवायचा, अगदी हुबेहूब, गल्लीतली पोरं मागं रांग लावायची आणि म्हातारी माणसं शिव्या द्यायची. घेवड्याची आमटी असली की भाकरी मोजायचा नाही. आणि शेवटच्या रजेत, एकदा, परड्यात ती एकटी शेण सारवत होती, तर तो दाराशी येऊन म्हणाला, "भूक लागली का गं?" बाकी तो तिच्याशी कधी बोलला नाही. ती 'नाही' म्हणाली. लागली होती, पण म्हणाली.

"येवढंच," आत्ती म्हणाली आणि परत डाळ ओढली.

संध्याकाळी नाना आले. वडिलांचे चुलतभाऊ, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त. अजून पाठ ताठ. मी त्यांना विचारलं, त्याला पदकं मिळाली असतील की. कारण पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं ठोकलेलं असतं. ताटलीवर नाही ते तिथं सापडतं.

नाना बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "व्हतं. चांदीचं. अडीचेक तोळं भरलं आसंल. देव्हाऱ्यात आसायचं. बाहत्तरचा दुष्काळ. मी बेळगावला रंगरूट व्हतो. सुट्टीवर आलो तर पदक न्हाई. दादानं मोडलं, कडबा घेतला. बैलं जगली." मग एकदम, "मी काय बोलणार? बैलं दावणीला व्हती, मी डोळ्यानं बघितली."

पण पलटण त्यांना माहीत होती. दादा, म्हणजे त्यांचे वडील, सांगायचे, एकशे सतरा नंबर.

तिथून पुढचं मी जुळवू शकतो. ११७ मराठा ही पलटण १९१४ च्या नोव्हेंबरातच शत-अल-अरब नदीच्या मुखाशी उतरली, त्याच महिन्यात बसरा घेतला. पुढच्या एप्रिलात शैबाची लढाई, तीत या पलटणीनं डोरसेटच्या गोऱ्या शिपायांबरोबर चढाई केली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या दारात, टेसिफॉनला, अर्ध्याच्या आसपास फौज कापली गेली. उरलेले मागं हटत टायग्रिस नदीच्या वळणातल्या कूट-अल-अमारा गावात शिरले आणि तुर्कांनी वेढलं. १४७ दिवस. धान्य संपत आलं तशी घोडी मारली. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी घोड्याचं मांस धर्मापायी नाकारलं. खा म्हणून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी फार दिवस शिवलं नाही. वाट्याला चिमूटभर जवाचं पीठ, दात हलायला लागलेले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. तेरा हजारांच्या घरात माणसं कैद झाली. शिपायांना वाळवंटातून चालवत वर नेलं, पुष्कळांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला लावलं, आणि त्यातले ढिगानं मेले. ११७ ला या सगळ्याबद्दल पुढं 'रॉयल' असा किताब मिळाला.

दगडावर नसलेली नावं आता आयोगाच्या यादीत संगणकावर शोधता येतात. त्याच्या नावाचे तिघे निघाले. पलटण कळल्यावर एकच उरला. बापाचं नाव बरोबर. गावाचं स्पेलिंग असं, की गावातल्याला ओळखू येऊ नये, पण पुढं सातारा लिहिलंय. तारीख कूट पडल्यानंतरची. म्हणजे कैदेत.

मोबाइल आत्तीपुढं धरून हे सगळं सांगितलं. रास-अल-ऐनपर्यंत तिनं ऐकून घेतलं.

"तितं जेवायला काय व्हतं म्हनून लिवलंय का?"

मी जवाच्या पिठाचं सांगितलं. घोड्याचं सांगितलं नाही. नानांनी माझ्याकडं पाहिलं, मान हलवली. त्यांना ठाऊक असणार. पलटणीत शिकवतात.

मंगळवार

पहाटेपासून चूल. वहिनीनं गॅसवर अर्धं उरकलं, पण खीर आणि आमटी आत्तीनं चुलीवरच करायला लावली. भात, कढी, वडे, अळूची भाजी, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी. आणि घेवडा. म्हाळात घेवडा चालत नाही असं गुरुजी दरवर्षी सांगतात. आत्ती दरवर्षी "व्हय, व्हय" म्हणते आणि घालते. धाकट्या आजीनं पहिल्या वर्षी घातला होता. नव्या विधवेनं त्या दिवशी चुलीजवळ काय बोलावं हेसुद्धा ठरलेलं असायचं, तरी तिनं घातला, आणि सासूनं काढला नाही.

काल मी नदीवर जाऊन येऊ का म्हणून विचारलं होतं, तर्पणाला. आत्ती म्हणाली, "त्येला कशाला पान्यापाशी न्यायचं?" त्यामुळं तर्पण परड्यातच, तांब्यातल्या पाण्यानं. नाव घेताना गुरुजी थांबले, गोत्र ठीक, नाव काय? दरवर्षी नुसतं 'अमुकामुक' म्हणून उरकत असावेत. मी सांगितलं. नानांनी मागून पुस्ती जोडली, "शिपाई. एकशे सतरा मराठा." गुरुजींनी संस्कृतात ते कसं बसवावं म्हणून जरा विचार केला आणि नावावरच भागवलं.

पानं मांडली. पणजोबांचं, पणजीचं, आजोबा-आजीचं. धाकट्या आजीचं पान नेमकं त्याच्या शेजारी. मेल्यानंतर तरी शेजारी बसवली, हे वडिलांच्या वेळेपासून. तिच्या पानावरही घेवडा.

घास पत्र्यावर ठेवले. कावळ्यांनी कथेतल्यासारखं काही अडवून धरलं नाही. तिघेचौघे आले, वडा पहिला पळवला, खीर उपसली. आमटीकडं एकानं चोच केली आणि सोडून दिलं. आत्ती खालून हातानं उन्हाची आड करून बघत होती. "घेवडा खाल्ला का रं?"

"खाल्ला," नाना म्हणाले.

आणि मग त्यांनी जे केलं ते अपेक्षित नव्हतं. ओठ आवळले, गाल फुगवले आणि तोंडानं बिगूल. जेवणाचा. पलटणीत लंगरसाठी वाजतो तो. बहात्तर वर्षांचा माणूस, उपरणं खांद्यावर, परड्यात उभा राहून. आवाज मध्येच फाटला, पुन्हा धरला. कावळे भर्रकन उडाले. शेजारची दोन पोरं कुंपणावरून डोकावली आणि हसत सुटली. त्यांना हे कुणी शिकवलं, मी विचारलं. दादांनी. दादांना? दादांच्या वडिलांनी, म्हणजे पणजोबांनी. आणि पणजोबा काही पलटणीत नव्हते.

जेवणं झाली. मी घेवडा तीनदा घेतला. भाकरी मोजली नाही. नाना दुपारी तिथंच सोप्यात घोंगड्यावर आडवे झाले. वहिनीनं पेढ्यांचा पुडा बाहेर काढला, इकडंतिकडं पाहिलं आणि पोरांना वाटून टाकला.

चारची एसटी होती. निघायच्या आधी ताटलीचा नीट फोटो हवा होता, उजेडात, बाई वर करून, नावावरची अक्षरं दिसतील असा. आत्तीच्या कॉटजवळचा तांब्या उचलायला गेलो.

"न्हे की. पण तवर तांब्यावर काय घालू? माश्या हैत."

वाटी घातली. अंगणात ताटली धुऊन, चिंच लावून पुन्हा धुतली; नाव उठून आलं. चार फोटो काढले. आत्तीला दाखवले, तिनं मोबाइल लांब धरून बघितले आणि म्हणाली, चांगली निघालीया. मग ताटली घेतली, पदरानं पुसली, बाईचं तोंड खाली करून तांब्यावर ठेवली, आणि वाटी मला दिली आत नेऊन ठेवायला.